अकरा मिनिटांची सोबत

चंद्रपूर सोडून बल्लारपूरकडे निघालं की डाव्या हाताला पत्र्याचं एक लांबलचक गोदाम लागतं. 'प्रादेशिक यंत्र भांडार' ही त्याच्यावरची पाटी ऊन खाऊन इतकी फिकी पडली आहे की ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ती वाचता येते. या भांडारात एके काळी अकरा माणसं होती. एक पुरवठा अधिकारी, दोन कारकून, तीन हमाल, दोन तंत्रज्ञ, एक ड्रायव्हर, एक शिपाई आणि या सगळ्यांवर ओरडायला एक साहेब. आसपासच्या जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांची एक्स-रे, सोनोग्राफी आणि डोक्याचे फोटो काढणारी यंत्रं इथून जात आणि बिघडली की इथेच येत. दुपारी एका लांब टेबलावर अकरा डबे उघडत, आणि कुणाच्या घरी काय शिजलं ही चर्चा तासभर पुरे.

मग 'तोल' आला. तोल म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्राम. कोणतं यंत्र कुठे आहे, किती वेळा चालतं, कुठे रुग्ण ताटकळताहेत आणि कुठे यंत्रावर धूळ बसते आहे, हे त्याला बसल्या जागी कळे. त्यावरून तो सांगे, हे यंत्र इथून उठवा आणि तिथे न्या. त्याचं गणित चुकत नसे. दोन वर्षांत हमाल गेले, कारण ट्रकलाच उचलायचे हात आले. कारकून गेले, तंत्रज्ञ गेले, ड्रायव्हर गेला, शिपाई निवृत्त झाला. साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या खुर्चीवर कुणी आलंच नाही. पण यंत्र हलवण्याच्या आदेशावर जिवंत माणसाची सही हवी, असा एक जुना नियम रद्द करायचा राहून गेला होता. त्या नियमापुरतं एक माणूस ठेवलं होतं. ते माणूस म्हणजे कुमुद निकुरे, पुरवठा अधिकारी, वय वर्षं सत्तावन्न.

कुमुदने लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारणाऱ्या आत्या-मावश्याही आता उरल्या नव्हत्या. घरी गेलं की टीव्ही आणि ऑफिसात आलं की तोल, दोघेही न विचारता बोलणारे. दुपारी ती त्याच लांब टेबलाशी, आपल्या जुन्याच कोपऱ्यातल्या जागेवर बसून डबा खाई. मधल्या खुर्चीवर बसायला कुणाची हरकत नव्हती, पण तिला ते जमत नसे.

दिवसभरात तिची खरी वाट पाहण्याची वेळ एकच होती. चार वाजून दहा मिनिटं. आठवड्यातून चारदा त्या वेळेला तिच्या टेबलावरचा फोन वाजे.

"हं, बोल रैनू. झोपलास का?"

"झोपलो म्याडम. आता अकरा मिनिटं हलाचं नाई."

"जेवलास?"

"जेवलो. कोसऱ्याची आंबील पेलो. तुमी?"

"वांग्याची भाजी. कालचीच."

"तुमी रोज कालचीच खाता काहून?"

"एकट्या माणसाची भाजी एका दिवसात संपत नाही रे बाबा."

रैनू पुंगाटी हा कोरपल्लीच्या ग्रामीण दवाखान्यातला तंत्रज्ञ. कोरपल्ली म्हणजे गडचिरोलीच्या पार दक्षिण टोकाला, दोन नद्यांच्या बेचक्यात अडकलेलं गाव. आसपासच्या चाळीस पाड्यांना हाच दवाखाना. पावसाळ्याचे चार महिने वाट बंद. रैनू तिथलाच, चौतिशीचा, नागपूरला शिकून परत गावी गेलेला. कुमुदने त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याचा आवाज मात्र तिला स्वतःच्या आवाजापेक्षा जास्त ओळखीचा होता, कारण स्वतःचा आवाज ती फारसा वापरत नसे.

आता हा माणूस झोपून फोन का करी, ते सांगायला हवं.

डोक्याच्या आतलं चित्र काढणाऱ्या त्या यंत्राला कागदोपत्री मोठं नाव होतं, पण दवाखान्यातले लोक त्याला 'हंडा' म्हणत. उपड्या हंड्यासारखं दिसे म्हणून हंडा. आपल्या शरीरात पाणी असतं. त्या पाण्यातले कण चुंबकात सापडले की एका दिशेला वळतात, रेडिओलहरींचा धक्का दिला की डगमगतात आणि परत जागेवर येता येता बारीकसा संकेत देतात. त्या संकेतांवरून आतलं चित्र उभं राहतं. पूर्वी त्यासाठी खोलीभर चुंबक लागे आणि ते थंड ठेवायला द्रवरूप हेलियम. हंड्यात लहानसं कायमचं चुंबक होतं. त्याचं मूळ चित्र धूसर येई, ते प्रोग्राम घासूनपुसून देई. साध्या प्लगवर चाले, चाकांवर फिरे. अट एकच, अकरा मिनिटं मान हलवायची नाही. आत झोपलेला माणूस घाबरून हलू नये म्हणून त्यात एक सोय होती, तिचं नाव 'सोबत'. नातेवाइकाचा नंबर भरायचा. चित्र सुरू झालं की यंत्र आपणहून तो नंबर लावी आणि माणूस अकरा मिनिटं आपल्या माणसाशी बोलत पडून राही. नंबर भरला नाही, तर यंत्र आपला ठरलेला नंबर लावी. कोरपल्लीच्या हंड्यात रैनूने ठरलेला नंबर म्हणून कुमुदच्या टेबलावरचा फोन भरून ठेवला होता.

आणि रैनू धडधाकट असून आत का झोपे, तर त्याला कारण होतं नारळ.

खंडेनवमीला भांडारातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होई. झेंडूची माळ, हळदकुंकू आणि हंड्यात डोकं ठेवायच्या खोबणीत एक नारळ. असंच एका वर्षी कुणाला तरी सुचलं की नारळातही पाणी आहेच, यंत्र चालवून तर बघू. नारळाचं चित्र झकास आलं. पुढे तोल आला आणि त्याने नियम आणला, की चौदा दिवसांत वीस चित्रं झाली नाहीत तर यंत्र उठणार. तेव्हा लहान दवाखान्यांतल्या तंत्रज्ञांना हा नारळ आठवला. रुग्ण कमी पडले की नारळ लावायचा. 'या आठवड्यात किती नारळ लावले?' असं भांडारातून हसत विचारलं जाई. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि वरच्यांना ठाऊक नव्हतं. वर्षभरात तोल नारळ ओळखायला शिकला, आणि नारळाच्या जिवावर थांबलेली यंत्रं एकामागून एक उठली.

कोरपल्लीचं यंत्रही उठलं. कुमुदनेच सही केली. नंतर पाचव्या दिवशी मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढलेला केये नावाचा जवान गडी खाली पडला. डोक्याला बाहेरून जखम नाही, बोलतही होता. आत रक्त साचतंय हे कुणाला दिसणार? दिसलं असतं तर हेलिकॉप्टर मागवता आलं असतं. मोठ्या दवाखान्याकडे नेताना तो आलापल्लीच्या पुढे रस्त्यातच गेला. रैनूने त्या दिवशी कुमुदला पहिल्यांदा फोन केला. तो ओरडला नाही, रडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "म्याडम, आमचा हंडा आत्ता कुठं आहे?"

तिने पाहिलं. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात होता. खोक्यातून बाहेरसुद्धा काढला नव्हता.

कुमुदने दुरुस्तीचं निमित्त काढून ते यंत्र परत मागवलं आणि कोरपल्लीला धाडलं. मग फोनवर त्याला सांगितलं, "नारळ आता चालत नाही. जिवंत डोकं लागतं. रुग्ण कमी पडले तर तुझंच डोकं लाव. नाव दुसरं घाल." आयुष्यात तिने केलेली ही एकमेव लबाडी. तिला तिची लाज वाटण्याऐवजी चक्क उत्साह आला होता.

रैनूने शाळेतल्या आपल्या वर्गाचा पट आठवला आणि एकेक नाव भरत गेला. दोन वर्षांत चव्वेचाळीस पोरं नऊ-नऊ, दहा-दहा वेळा आजारी पडली. "काल तुझ्या त्या विज्जाला चक्कर आली म्हणे," कुमुद विचारी, आणि तो म्हणे, "विज्जा पोलिसात आहे म्याडम, नागपूरकडं. त्याले काई माहीत नाई." त्या अकरा मिनिटांत तिने कोरपल्लीची सगळी माणसं ओळखली. त्यानेही तिच्याकडून अकरा डब्यांच्या टेबलाची गोष्ट तीनदा ऐकून घेतली. एकदा त्याने सहज विचारलं होतं, "म्याडम, एखाद्या दिवशी तुमी फोन उचललाच नाई तर? मले तर उठताबी येत नाई."

"मी कुठे जाते रे? इथेच तर असते."

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तोलला एक नवं अंग फुटलं. त्याचं नाव 'मागोवा'.

मागोव्यामागचा शोध साधा आणि जबरदस्त होता. प्रत्येकाच्या मेंदूच्या घड्या वेगळ्या असतात, अंगठ्याच्या ठशासारख्या. म्हणजे चित्रावरून माणूस ओळखता येतो, नावाची गरज नाही. आणि एकाच माणसाची पुष्कळ चित्रं मिळाली तर त्यांतून असं काही दिसतं, जे कुठल्याच एका चित्रात दिसत नाही. रोज पाहणाऱ्या आईला पोराची उंची वाढलेली कळत नाही, पण दाराच्या चौकटीवर खुणा केल्या असतील तर त्या खोटं बोलत नाहीत. मागोवा त्या खुणा करी. हंड्याचं एकेक चित्र धूसर असलं तरी शेकडो चित्रांची सरासरी काढली की धूसरपणा गळून पडतो आणि केसाएवढा बदलही हाती लागतो. जगात तोवर कुणाकडेही एका माणसाची चाळीसच्या वर चित्रं नव्हती.

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी कुमुदच्या पडद्यावर दोन ओळी आल्या.

पहिली ओळ: कोरपल्ली इथल्या चव्वेचाळीस रुग्णांच्या चारशे बारा चित्रांत डोकं एकच दिसतं. तसं असेल तर ही चित्रं वापरात धरता येणार नाहीत. यंत्र उठवावं.

दुसरी ओळ: तसं असेल तर या माणसाच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या सतत वाढत आहेत. मधली अरुंद वाट बंद होत चालली असावी. शस्त्रक्रिया लवकर व्हावी, नाहीतर अचानक मृत्यूचा धोका.

खाली लिहिलं होतं: माणूस एकच असल्याची खात्री माहीतगार व्यक्तीने दहा दिवसांत सहीने द्यावी. न दिल्यास चव्वेचाळीस वेगळी माणसं धरली जातील आणि चित्रं नियमाप्रमाणे पुसली जातील.

कुमुदने ते तीनदा वाचलं. मग तिला एक गोष्ट आठवली. मागच्या महिन्यात रैनूने तिला रानडुकराची गोष्ट सांगितली होती. डुक्कर वॉर्डात शिरलं आणि कंपाउंडर सलाइनच्या स्टँडवर चढायला गेला, ती. सोमवारी सांगितली. गुरुवारी तीच गोष्ट, तेच शब्द, जणू नुकतीच घडली. शिवाय सकाळी डोकं जड असतं, असंही तो म्हणाला होता. ती दोन्ही वेळा मनापासून हसली होती. कुणीतरी आपल्याला काही सांगतंय, याचंच तिला इतकं अप्रूप होतं की तीच गोष्ट परत ऐकताना तिला काही खटकलंच नाही.

त्या दिवशी चार दहाची वाट न पाहता तिने स्वतः फोन लावला. तो यंत्राबाहेर होता. मागे कोंबड्यांचा कलकलाट आणि त्याच्या चपलांचा आवाज येत होता. तो चालताना कसा बोलतो, हे तिने दोन वर्षांत प्रथमच ऐकलं.

तिने सगळं सांगितलं. चपलांचा आवाज थांबला.

"म्हणजे सही केली तं हंडा जाईन."

"हो."

"आन नाई केली तं राहीन."

"रैनू, नाही केली तर तू राहणार नाहीस. कळतंय का तुला?"

"मले काई होऊन नाई राह्यलं म्याडम. महिन्याभरात नदी चढते. चाळीस पाडे आहेत इकडं. केये गेला तेव्हा त्याच्या बायकोनं मले काय म्हटलं, तुमाले सांगितलं ना?"

"सांगितलंस." हंडा असता तर माझा माणूस वाचला असता, असं ती म्हणाली होती. तेही त्याने दोनदा सांगितलं होतं.

"मंग करू नका सही."

कुमुदने हट्ट धरला. निदान नागपूरला जाऊन एक मोठा फोटो काढून ये, नाहीतर मी आत्ताच सही करते, असा दम दिला. आपण कुणाला दम देऊ शकतो हे तिलाच नवीन होतं. तो गेला. मेंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर सहारे बाईंनी त्याला तपासलं, नव्याने चित्र काढलं आणि पाठीवर थाप मारून परत पाठवलं. पोकळ्या थोड्या मोठ्या आहेत, पण पुष्कळांच्या असतात, असं त्या म्हणाल्या. रैनूने बसस्टँडवरूनच फोन केला.

"पाहा म्याडम, म्या म्हटलं होतं ना. काई नाई निघालं."

त्याच्या आवाजातला आनंद ऐकून क्षणभर कुमुदलाही वाटलं, की चुकला असेल मागोवा. तिला तसं वाटून घ्यायचं होतं. पण बावीस वर्षं यंत्रांचा पुरवठा पाहिलेली बाई होती ती. तिने डॉक्टर सहाऱ्यांना फोन लावला.

"हे बघा ताई," डॉक्टर म्हणाल्या, "एका चित्रावरून मी धडधाकट माणसाच्या कवटीला भोक पाडत नाही. पोकळ्या वाढताहेत हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. मग उद्या आणा, उद्या करते. साधी शस्त्रक्रिया आहे, पाण्याला दुसरी वाट करून द्यायची. त्याचे जुने फोटो आहेत का?"

"आहेत. पण त्यांच्यावर नावं दुसरी आहेत."

"मग ते त्याचे आहेत हे मी कसं मानू?"

दहावा दिवस गुरुवार होता. सकाळपासून कुमुद पडद्यासमोर बसून होती. डबा तिने उघडला नाही. एकीकडे चाळीस पाडे होते आणि त्यांतला कुणीतरी, ज्याचं नाव तिला माहीत नव्हतं, या पावसाळ्यात झाडावरून पडणार होता किंवा कदाचित पडणार नव्हता. दुसरीकडे रैनू होता. आपण त्याचा जीव वाचवायला निघालोय की आपला चार दहाचा फोन वाचवायला, हे तिने स्वतःला स्पष्ट विचारलं. स्पष्ट उत्तर आलं नाही. दोन्ही असावं, असं तिला वाटलं. आणि तो करू नको म्हणत असताना सही करायचा आपल्याला काय अधिकार, हेही तिला कळत होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"झोपलो म्याडम."

"आज कुणाच्या नावाने झोपलास?"

"आज माह्याच. म्हटलं, शेवटी एकदा आपलंबी नाव लागू दे." तो हसला. "म्याडम, तुमाले एक मजा सांगू? आमच्या वॉर्डात डुक्कर शिरलं..."

तिने ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली. सलाइनच्या स्टँडपाशी ती हसलीसुद्धा. अकरा मिनिटं संपल्यावर तिने फोन खाली ठेवला, डोळे पुसले आणि अर्ज उघडला.

अर्जात प्रश्न होता: सर्व चित्रं एकाच व्यक्तीची आहेत, हे आपण कशावरून सांगता?

तिने लिहिलं: प्रत्येक वेळी मी त्याच्याशी बोलत होते.

दुसऱ्या कागदावर लिहिलं, की हे सगळं तिच्या सांगण्यावरून झालं, तंत्रज्ञाचा दोष नाही. तिसऱ्या कागदावर तिने विनंती केली, की नदीमुळे तुटणाऱ्या गावांना वीस चित्रांची अट लावू नये. मग तिने तिन्ही ठिकाणी सही केली.

पहिल्या दोन कागदांचं काम दोन दिवसांत झालं: चित्रं रैनूच्या नावावर लागली आणि हंडा उठवायचा आदेश निघाला. तिसऱ्याला उत्तर आलं, की विनंतीचा विचार ऑक्टोबरमध्ये, पावसाळ्यातले आकडे पाहून केला जाईल. यंत्रच नसेल तर आकडे कुठून येणार, हे विचारायला तिने वरच्या ऑफिसात देवस्थळी साहेबांना फोन केला. ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "निकुरेबाई, तुमच्यावर चौकशी लागली आहे. ती पूर्ण होईपर्यंत खरं तर तुम्हाला घरी बसवायला हवं. पण तिथे सहीला दुसरं माणूस नाही. तेव्हा कामावर येत राहा."

रैनूची शस्त्रक्रिया जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. कुमुद नागपूरला जाणार होती, साडीही काढून ठेवली होती. आदल्या दिवशी त्याच्या बायकोचा निरोप आला, की येऊ नका, तो नको म्हणतो.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. सकाळी अकराला, कोणत्याही ठरलेल्या वेळेला नव्हे.

"डॉक्टर बाई म्हणे, आत लय दाब होता. पावसाळा निघाला नसता म्हणे."

"आता कसं वाटतंय?"

"डोकं हलकं आहे. सगळं याद येऊन राह्यलं. म्याडम, ते डुकराचं मी तुमाले कितीदा सांगितलं?"

"एकदाच," ती म्हणाली.

पलीकडे वॉर्डातली भांडी वाजली.

"सोमवारी गावी चाललो. रस्ता बंद व्हायच्या आंधी. हंड्याची खोली रिकामी आहे. लोक येतीन, विचारतीन, का सांगू त्याइले? माह्या डोक्यापायी गेला म्हणून सांगू?"

"माझ्या सहीमुळे गेला म्हणून सांग."

"ते तं सांगीनच." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं. "मले जगवलं तुमी, ते मी विसरत नाई. पण फोन नाई करणार आता. तुमचा आवाज आला का केयेची बायको दिसते मले. आंधी हंडा गेला तवाबी तुमचीच सही होती, आताबी तुमचीच."

"रैनू..."

"तब्येत सांभाळा म्याडम. ताजं जेवत जा."

फोन बंद झाला. त्यानंतर चार वाजून दहा मिनिटं रोज येत आणि जात. कुमुद सुरुवातीला त्या वेळेला मुद्दाम यार्डात फेरी मारायला जाई. पण गोदामाच्या दुसऱ्या टोकाला गेलं तरी तिचे कान टेबलाकडेच असत.

जुलैमध्ये कोरपल्लीचा हंडा भांडारात परत आला. नदी चढण्याच्या आधीच ट्रकने तो काढला होता, पण मधल्या डेपोत महिनाभर अडकून पडला. आता तो पश्चिमेकडच्या एका शहरात जायचा होता. जायच्या आधी नियमाप्रमाणे चाचणी हवी, आणि चाचणीला जिवंत डोकं हवं. भांडारात जिवंत डोकं एकच होतं.

तिने यंत्र पुसून काढलं. डोकं ठेवायच्या खोबणीत एका कडेला हळदीचा पिवळा डाग होता, कुठल्याशा खंडेनवमीचा. तो तिने तसाच ठेवला. पडद्यावर रुग्णाचं नाव विचारलं, तिथे तिने 'कुमुद निकुरे' लिहिलं. नातेवाइकाच्या नंबरासाठी रकाना आला. कुणाचा भरायचा, ते तिला सुचेना. तिने तो रिकामा सोडला, चष्मा काढला आणि आत झोपली.

यंत्राने बाईच्या आवाजात सांगितलं, "आता अकरा मिनिटं हलू नका. आपल्या माणसाला फोन लावत आहोत."

आत वाटलं होतं त्यापेक्षा जास्त अंधार होता. चुंबकाची टकटक सुरू झाली. वरचा पत्रा उन्हाने तडतडत होता. रैनू असाच इथे चारशेहून जास्त वेळा झोपला होता, नाकाच्या वर चार बोटांवर हीच पांढरी भिंत पाहत. आपण त्याला भाजीचं सांगत होतो तेव्हा त्याला एवढंच दिसत होतं, हे तिला आज कळलं. तिच्या कानाशी नळीतून फोन लागल्याचा आवाज आला.

आणि मग गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिच्या टेबलावरचा फोन वाजू लागला.

तिला आधी कळलंच नाही. दोन महिन्यांनी तो पुन्हा तसा वाजत होता, चार दहाच्या त्या ओळखीच्या घंटीने, आणि तिचं अख्खं अंग उठायला धावलं. मान तेवढी तिने जागेवर ठेवली. मग तिला उमगलं. रकाना रिकामा होता, म्हणून यंत्राने ठरलेला नंबर लावला होता. रैनूने भरलेला नंबर कुणी काढलाच नव्हता.

फोन वाजत राहिला. रिकाम्या गोदामातून घुमत तो तिच्याकडे येत होता, आणि तोच नळीतून तिच्या कानातही वाजत होता. वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने यंत्राने पुन्हा लावला. आता तिकडे कुणीतरी उठावं, लांब टेबलाला वळसा घालून यावं, उचलावा आणि विचारावं, की झोपलीस का, जेवलीस का. एवढंच हवं होतं तिला.

डोळ्यांच्या कडांतून पाणी निघून कानांत शिरलं. ते पुसायला हात वर घेतला तर चित्र बिघडलं असतं.

"इथेच तर आहे रे मी," ती पुटपुटली, आणि अकरा मिनिटं संपेपर्यंत हलली नाही.